स्पर्धा परीक्षा क्लासच्या सरांना खुलं पत्र: 'रिमार्क'च्या रकान्यात जॉर्डन मावत नाही

आदरणीय सर आणि मॅडम,

हे पत्र कुठल्या एका क्लासला नाहीये म्हणून नाव टाकत नाही, पुण्यात सदाशिव पेठेपासून शास्त्री रोडपर्यंत जे जे राज्यशास्त्र ऑप्शनल शिकवतात आणि नोट्स छापून विकतात त्या सगळ्यांना आहे. आणि उघड लिहितेय कारण ग्रुपवर शंका विचारली की 'पुढचं बघा' असा रिप्लाय येतो आणि दहा मिनिटांत ग्रुप 'ओन्ली ॲडमिन' होतो.

झालंय असं की यंदाच्या बॅचच्या नोट्समधून अरब जगातली आंदोलनं आणि तिथले पक्ष हे अख्खं प्रकरण उडवलंय. कारण काय तर 'लो यिल्ड', म्हणजे यावर मार्क कमी मिळतात. त्याच्या जागी दीड पान आलंय. त्यात एक तक्ता, चार रकाने: देश, संघटना, स्थापना, रिमार्क. इजिप्त, मुस्लिम ब्रदरहुड, १९२८, कट्टरतावादी. जॉर्डन, मुस्लिम ब्रदरहुड, १९४५, कट्टरतावादी. मोरोक्को, पीजेडी, स्थापनेच्या रकान्यात नुसती रेघ, कट्टरतावादी, आणि पुढे 'सध्या सत्तेत'. (ब्रदरहुड म्हणजे इजिप्तमध्ये सुरू होऊन अरब देशांत पसरलेली इस्लामी संघटना, पीजेडी म्हणजे मोरोक्कोतला इस्लामी पक्ष.) तक्त्याखाली जाड ठशात एक वाक्य की आंदोलन पेटलं की इस्लामवादी ते ताब्यात घेतात आणि सत्ता मिळाली की निवडणुका बंद करतात. शिवाय 'अरब स्प्रिंग'वर, म्हणजे २०११ च्या अरब देशांतल्या आंदोलनांवर, एक ओळ. एवढंच, पुढच्या पानावर थेट नाटो सुरू.

माझा काय संबंध ते आधी सांगते. मी लातूर जिल्ह्यातली, सोयाबीनचे पैसे आले तेव्हा अर्धी फी भरली, उरलेली मावशीने बचत गटातून उचलून दिली. हा ऑप्शनल घेतला कारण पेपरातलं परदेशाचं पान आधी वाचायची सवय. यूपीएससीच्या दुसऱ्या पेपरात विकसनशील देशांमधले पक्ष, दबावगट आणि सामाजिक चळवळी हा मुद्दा सरळ छापलेला आहे, एमपीएससीसुद्धा आता वर्णनात्मक झालीय, म्हणजे तक्ता पाठ करून भागणार नाही, दोन-अडीच पानं स्वतःच्या डोक्याने लिहावी लागणार. आणि मार्क सोडा, आमच्यातलाच एखादा उद्या फॉरेन सर्व्हिसमध्ये जाऊन जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानच्या दूतावासात बसणार आहे, त्याच्या डोक्यात हा तक्ता असणार का? म्हणून तक्रारी एकेक करून मांडते, काही लांबतील, चालवून घ्या.

पहिली तक्रार. तक्त्यात संघटना आहेत, पण त्या कुठल्या राजवटीखाली जगतात त्याचा रकानाच नाही. जॉर्डन ना धड लोकशाही ना धड हुकूमशाही. निवडणूक होते, संसद भरते, पक्ष नोंदवता येतो, शुक्रवारच्या नमाजानंतर मोर्चाही काढता येतो, आणि तरी पंतप्रधान राजा नेमतो, संसद राजा बरखास्त करतो, गुप्तचर खातं कुणाला कधी उचलेल याचा नेम नाही, मतदानाचा कायदा तर सोयीप्रमाणे बदलत राहतो. याला अर्धहुकूमशाही म्हणतात. यात विरोधी पक्षाची गत कासरा लावलेल्या बैलासारखी, चरायला सोडतात, लांब गेला की ओढतात, आणि बैलालाही एव्हाना माहीत असतं दोर किती लांब आहे ते. हे न सांगता तुम्ही पक्षाचा स्वभाव सांगता, मग आंदोलनाच्या वेळी तो कधी पुढे का येतो आणि कधी गप्प का बसतो याचा पोरांना पत्ताच लागत नाही.

दुसरी तक्रार त्या जाड ठशातल्या वाक्याबद्दल, आंदोलन ताब्यात घेतात म्हणे. एप्रिल १९८९ बघा. जॉर्डन कर्जात बुडालेला, आयएमएफशी करार झालेला, इंधनाचे भाव वाढले आणि दक्षिणेत मआन नावाच्या शहरात लोक रस्त्यावर आले. मआन म्हणजे राजाचा हक्काचा मुलूख, टोळ्यांचा भाग, फौजेत भरती होणारी घरं. ते ब्रदरहुडने पेटवलं नव्हतं. राजा हुसेन परदेशात होते ते धावत परत आले, पंतप्रधान झैद रिफाई यांना घरी पाठवलं आणि नोव्हेंबरात निवडणूक लावली, १९६७ नंतरची पहिली पूर्ण निवडणूक. त्यात ८० पैकी २२ जागा एकट्या ब्रदरहुडला, त्यांच्या विचाराचे अपक्ष धरले तर तिसाच्या वर. कसं काय? तर १९५७ मध्ये राजाने बाकी सगळ्या पक्षांवर बंदी घातली तेव्हा हे धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेले होते, राजा आणि त्या पक्षांच्या भांडणात राजाच्या बाजूने उभे राहिले होते, पुढची तीस वर्षं दवाखाने, शाळा, मशिदी, युनियन असं त्यांचं जाळं वाढत गेलं. आंदोलन दुसऱ्यांनी केलं, दार उघडलं, आणि दाराशी तयार बसलेले तेवढे हेच होते. ताब्यात घेणं आणि तयार असणं यात फरक आहे की नाही सर?

(मआनबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच मआन प्रांतात एशिदियाच्या फॉस्फेटच्या खाणी आहेत आणि तिथे आपल्या इफ्कोची, म्हणजे खताच्या सहकारी संस्थेची, जॉर्डनच्या फॉस्फेट कंपनीबरोबर भागीदारी आहे, तिथलं फॉस्फोरिक ॲसिड अकाबा बंदरातून भारतात खतासाठी येतं. आमच्या वडिलांनी सोयाबीनला टाकलेल्या डीएपीचा त्या मुलखाशी असा संबंध आहे, आणि आम्हाला मात्र तो देश चार शब्दांत उरकतात.)

पुढे काय झालं तेही बघा कारण खरं शिकण्यासारखं तिथे आहे. १९९१ मध्ये ब्रदरहुडला मंत्रिमंडळात पाच खाती मिळाली, शिक्षण त्यात होतं, सहा महिन्यांत ते मंत्रिमंडळच गेलं. १९९२ मध्ये पक्ष कायदा आला तेव्हा त्यांनी इस्लामिक ॲक्शन फ्रंट नावाचा पक्ष काढला, म्हणजे संघटना वेगळी, पक्ष वेगळा, एकाला धक्का लागला तर दुसरा वाचावा अशी सोय. मग १९९३ मध्ये राजाने मतदानाची पद्धत बदलली, आधी मतदारसंघात जितक्या जागा तितकी मतं देता यायची, आता प्रत्येकाला एकच मत. एकच मत असलं की माणूस आधी आपल्या टोळीच्या उमेदवाराला देणार, उरलेलं मत पक्षाला जायचं ते गेलं. जागा १६ वर आल्या. १९९४ मध्ये इस्रायलशी वादी अराबाचा करार झाला, यांनी विरोध केला, संसदेत हरले, १९९७ च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. एका दशकाच्या आत राजाचा मित्र, निवडणुकीतला विजेता, मंत्री, विरोधक आणि बहिष्कार टाकणारा अशी पाच रूपं झाली. तुमच्या तक्त्यात या सगळ्याला मिळून एकच शब्द.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी, २०११ ची. तुमच्या दीड पानात 'अरब स्प्रिंग' या शब्दांखाली ट्युनिशिया, इजिप्त, लिबिया, सीरिया एका ओळीत आहेत आणि जॉर्डन-मोरोक्को 'इतर' मध्ये. पण प्रश्नाचं उत्तर त्या 'इतर' मध्येच आहे, कारण जिथे राजवट पडली तिथे काय झालं ते सगळ्यांना माहीत असतं, जिथे पडली नाही आणि तरी लोक वर्ष-दोन वर्ष रस्त्यावर होते तिथे हे पक्ष कसे वागले ते कुणी शिकवत नाही.

अम्मानमध्ये जानेवारी २०११ पासून दर शुक्रवारी मोर्चे. इजिप्तच्या कैरोत लोक राष्ट्राध्यक्ष मुबारक जा म्हणत होते, इथे मागणी होती व्यवस्था सुधारा, राजा जा नाही. घटनेतली ३४, ३५ आणि ३६ ही कलमं बदला म्हणजे संसद बरखास्त करायचे आणि पंतप्रधान नेमायचे राजाचे अधिकार कमी करा, इतकी नेमकी मागणी. ब्रदरहुड यात होतं, पण एकटं नव्हतं, डावे होते, टोळ्यांमधली तरुण पोरं होती, निवृत्त फौजी होते, शिक्षक होते. आणि त्यांचं एक पाऊल बघा: आपल्या धार्मिक मागण्या त्यांनी खिशात ठेवल्या आणि सगळ्यांना चालेल अशा घटनात्मक भाषेत बोलायला लागले. चांगुलपणा म्हणा नाहीतर हिशोब म्हणा, माझ्या मते हिशोबच जास्त, कारण शरिया म्हटलं की डावे निघून जाणार आणि राजाला आयतं कारण मिळणार. २४ मार्चला गृहखात्याच्या चौकात तरुणांनी तळ ठोकला, दुसऱ्या दिवशी तो मोडून काढला, एक माणूस गेला. ५ ऑक्टोबर २०१२ ला ब्रदरहुडने मोठा मोर्चा लावला, आणि आदल्या दिवशी राजा अब्दुल्लाने (हुसेन यांचा मुलगा) संसद बरखास्त करून निवडणूक जाहीर केली. टायमिंग बघा. मग नोव्हेंबरात इंधनाचं अनुदान काढलं, लोक भडकले, रस्त्यावर राजाच्या विरोधात उघड घोषणा आल्या, आणि नेमकं तेव्हा ब्रदरहुडचं नेतृत्व आपल्या जुन्याच मागणीवर थांबलं, व्यवस्था सुधारा, त्याच्या पुढे नाही. जाड ठशातलं वाक्य खरं असतं तर आंदोलन ताब्यात घ्यायची याहून चांगली वेळ कुठली होती? जानेवारी २०१३ च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला आणि जुलैत इजिप्तमध्ये लष्कराने ब्रदरहुडचे राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना काढलं, त्यानंतर अम्मानमधलं सगळं वारंच फिरलं.

इथून पुढचं तर नोट्समध्ये अजिबातच नाही. २०१५ मध्ये सरकारने ब्रदरहुडमधून फुटलेल्या गटाला त्याच नावाने परवाना दिला, २०१६ मध्ये मूळ संघटनेच्या कार्यालयांना टाळं लावलं. नाव एका गटाकडे, माणसं दुसऱ्याकडे, हे महाराष्ट्रात कुणाला वेगळं समजवायला लागू नये. तरी त्याच २०१६ मध्ये पक्ष निवडणुकीत परतला, 'इस्लाम हाच उपाय' ही जुनी घोषणा बाजूला ठेवून आघाडी केली, यादीत ख्रिश्चन उमेदवार घेतले, १५ जागा मिळवल्या. २०१८ च्या मे अखेरीस आयकर विधेयकाविरुद्ध व्यावसायिकांच्या युनियननी संप केला, रमजान होता, इफ्तार झाला की लोक रात्री अम्मानच्या चौथ्या सर्कलला म्हणजे पंतप्रधान कार्यालयाजवळ जमायचे, ४ जूनला पंतप्रधान हानी मुल्की यांनी राजीनामा दिला. यात इस्लामवादी पुढे नव्हतेच. पुढे आले असते तर सरकारने हे ब्रदरहुडचं कारस्थान म्हणून मोडलं असतं हे त्यांनाही कळत होतं, शिवाय एंजिनिअरांच्या संघटनेवर त्यांची वर्षानुवर्षांची पकड त्याच वर्षी सुटलेली. २०१९ मध्ये शिक्षकांचा महिनाभर संप झाला, पगारवाढ मिळाली, आणि २०२० मध्ये त्यांच्या युनियनला टाळं लागलं, आरोप तोच, मागे ब्रदरहुड आहे. म्हणजे बघा, हे पक्ष आंदोलनात जातात की नाही याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा आहे की सरकार कुठल्या आंदोलनावर त्यांचा शिक्का मारतं, कारण शिक्का बसला की कारवाई सोपी.

मग गाझाचं युद्ध. ऑक्टोबर २०२३ पासून अम्मानच्या राबिया भागात इस्रायली दूतावासाच्या दिशेने मोर्चे, त्यात मात्र हे आघाडीवर, कारण या विषयावर राजालाही त्यांना सरसकट अडवणं अवघड. सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीत १३८ पैकी ३१ जागा, सगळ्यात मोठा पक्ष. आणि एप्रिल २०२५ मध्ये गुप्तचर खात्याने १६ जणांना पकडल्याचं जाहीर केलं, रॉकेट आणि ड्रोन बनवण्याचे आरोप, आठवड्याभरात २३ तारखेला गृहमंत्र्यांनी ब्रदरहुडवर पूर्ण बंदी घातली, मालमत्ता जप्त, पक्षाच्या कार्यालयाची झडती. पण बंदीच्या त्या घोषणेत पक्षाचं नाव नव्हतं. संघटना बेकायदा आणि तिचा पक्ष संसदेत बसलेला, हे अर्धहुकूमशाही म्हणजे काय याचं आयतं उदाहरण आहे, परीक्षेत कुणी लिहिलं तर तपासणारा खूश होईल, आणि आपण ते पोरांना सांगतच नाही.

चौथी तक्रार मोरोक्कोची. एक तर 'सध्या सत्तेत' हे चूक आहे, पीजेडी २०२१ ला गेली, तुम्ही पान नवं छापलंत पण मजकूर कुठल्या साली लिहिलाय देव जाणे. दुसरं म्हणजे तिथे दोन वेगळे इस्लामी प्रवाह आहेत आणि २०११ मध्ये ते बरोबर उलटे वागले. २० फेब्रुवारीच्या आंदोलनात पीजेडीचे नेते बेनकिरान यांनी पक्ष म्हणून जायला नकार दिला, राजाशी भांडण नको म्हणून. पण पक्षाचेच मुस्तफा रमीद यांच्यासारखे नेते वैतागून पदं सोडून मोकळे झाले, म्हणजे एक पाय घरात एक पाय रस्त्यावर, आणि तेच रमीद पुढे कायदामंत्री झाले! दुसरीकडे अल अद्ल वल इहसान ही संघटना, जी राजाचं धर्मप्रमुखपद मानत नाही आणि निवडणूक लढवत नाही, ती आंदोलनात उतरली, गर्दीतला मोठा वाटा तिचा, पण स्वतःच्या घोषणा आणि फलक तिने मागे ठेवले. राजा मोहम्मद सहावा यांनी ९ मार्चला भाषण करून घटना बदलायचं मान्य केलं, १ जुलैला सार्वमत, २५ नोव्हेंबरला निवडणूक, जी पार्टी रस्त्यावर गेली नाही तिला ३९५ पैकी १०७ जागा आणि पंतप्रधानपद. महिन्याभरात अद्लवाले आंदोलनातून बाहेर पडले.

आणि सत्ता मिळाल्यावर निवडणुका बंद केल्या का? पेट्रोल-डिझेलचं अनुदान बेनकिरान यांनी काढलं, शिव्या त्यांनी खाल्ल्या, राजवाडा स्वच्छ. २०१६ मध्ये तरी १२५ जागा आल्या, मग पाच महिने सरकारच बनू दिलं नाही आणि राजाने बेनकिरान यांच्या जागी त्याच पक्षाचे ओस्मानी यांना बसवलं. रिफ भागात एका मासेविक्रेत्याच्या मृत्यूनंतर जे आंदोलन उभं राहिलं ते चिरडलं गेलं तेव्हा पंतप्रधान पीजेडीचेच. डिसेंबर २०२० मध्ये इस्रायलशी संबंध जोडायच्या कागदावर सही ओस्मानींची, ज्या पक्षाने आयुष्यभर त्याला विरोध केला त्याच्या प्रमुखाची. २०२१ मध्ये १३ जागा. १२५ वरून १३! मतदारांनी मतपेटीतून घरी पाठवलं, आणि ते गेले. २०२५ च्या शरद ऋतूत तिथली तरुण पोरं दवाखाने आणि शाळांसाठी रस्त्यावर आली तेव्हा कुठलाच पक्ष त्यांच्या पुढे नव्हता.

पाचवी तक्रार लिहू की नको असं झालेलं, पण लिहिते. वर्गात ते पान वाचून दाखवलं जात होतं, तीन वेळा ओळीने कट्टरतावादी, कट्टरतावादी, आणि दोन-तीन माना मागच्या बाकाकडे वळल्या, तिथे आमच्या बॅचचा एक मुलगा बसतो, उदगीरकडचा, त्याचा जॉर्डनशी माझ्याइतकाच संबंध. शिकवणाऱ्यांच्या ते लक्षात आलं असेल, नसेल, मला माहीत नाही. तो खाली बघून लिहीत राहिला. विषय नीट शिकवला असता तर त्या माना वळल्या नसत्या असं मला वाटतं.

आता लगेच कुणी म्हणेल ही त्यांची वकिली करतेय. मुळीच नाही. मी बाई आहे, जॉर्डनमध्ये घराण्याच्या इज्जतीच्या नावाखाली बायकांना मारणाऱ्यांची सवलत काढायचा प्रस्ताव १९९९ च्या अखेरीस संसदेत आला तेव्हा तो पाडणाऱ्यांत टोळीवाल्यांबरोबर अपक्ष इस्लामवादी खासदारही होते हे मी विसरत नाही. रॉकेटचे आरोप हलके आहेत असंही म्हणत नाही. इजिप्तमध्ये तर ब्रदरहुडने २५ जानेवारीला संघटना म्हणून यायचं टाळलं, तीन दिवसांनी उतरले आणि पुढे सत्तेत आल्यावर बरोबरच्यांना वाऱ्यावर सोडलं, हे पण शिकवा ना. टीका करा, भरपूर करा, पण कुठल्या देशातला कुठला पक्ष, कुठल्या साली, कुणाच्या राज्यात काय वागला ते सांगून करा.

मागण्या साध्या आहेत. काढलेलं प्रकरण परत घाला, तितकं जमत नसेल तर निदान जॉर्डन आणि मोरोक्को शेजारी शेजारी ठेवून चार पानं द्या. तक्त्यातला 'रिमार्क' काढा आणि तिथे 'राजवट' आणि 'आंदोलनात भूमिका' असे दोन रकाने टाका, भूमिकेपुढे साल हवंच. जाड ठशातलं वाक्य रद्द करा. मोरोक्कोची चूक आहे तशी ग्रुपवर मान्य करा, कारण ज्यांनी नोट्स पोस्टाने घेतल्यात, जालना-परभणीकडच्या पोरांनी, त्यांच्याकडे दुरुस्ती पोचायला दुसरा रस्ता नाही, ते बिचारे तेच पाठ करून पेपरात लिहिणार. आणि नोट्सच्या पानाखाली मजकूर कधी अपडेट केला ती तारीख छापा, नुसती मुखपृष्ठावर 'नवी आवृत्ती' नको.

हे सगळं मुख्य परीक्षेच्या फॉर्मच्या आत करा, नंतर उपयोग नाही. लिहायला माणूस नसेल तर आम्ही तिघी-चौघी मिळून कच्चा मजकूर काढून देतो, तुम्ही तपासा, नाव नका टाकू आमचं. सुधारलेल्या पानांच्या झेरॉक्सचे पैसे मात्र आमच्याकडून परत घेऊ नका, फीमध्ये ते आधीच धरलेत.

आपली,
राज्यशास्त्र ऑप्शनल, सकाळच्या बॅचची एक विद्यार्थिनी